आईच्या घराचा स्लॅब

बंदुकांच्या दिवसांत गडचिरोलीतल्या आमच्या गावात कामच नव्हतं. आम्ही मोहफुलांवर दिवस काढले. मग शांतता आली, रस्ता आला, आणि त्याच रस्त्याने सगळी तरणी माणसं हैदराबादला गेली. मी घरातला पहिला पदवीधर, पुण्याला गेलो.

परवा माझ्या पैशांतून आईच्या घराचा स्लॅब होता. तो एका दमात ओतावा लागतो, मध्ये थांबलं की पुढे गळतो. मजूर मिळेनात. घमेली पुढे द्यायला रांगेत सगळ्या म्हाताऱ्या.

"पैसा त पाठवलास बाबू, हात कोन पाठवंल?" आई म्हणाली.

शेजारची काकू हसली, "कालेजात घमेला धराले शिकवलं का रे?"

मी रांगेत शिरलो. दोन घमेल्यांच्या मधे गाव किती गप्प असतं, ते तिथे कळलं.

संध्याकाळी स्लॅब पुरा झाला. गावातलं पहिलं पक्कं घर आईचं आहे, आणि त्यात ती एकटी राहील.