हा कोणता रंग होय?

हिरवी साडी माझ्या हातात होती. गिऱ्हाईक बायांतल्या एकीनं विचारलं, "यात अजून कोणता रंग आहे?" मले सांगायचं होतं, मोरपंखी. तोंडातून निघालं, "कांदा."

त्या बाया हसल्या. मालक गल्ल्यावरून उठून आले. लाल साडी माझ्या तोंडापुढं धरली.

"हा कोणता रंग होय? सांग नं वं. बालवाडीतल्या पोरायले येते."

लाल आहे हे मले दिसत होतं. शब्द येईना. पुन्हा तेच निघालं, "कांदा." मालक गिऱ्हाइकाकडं पाहून म्हणाले, "पाहा, आता भाजीचं दुकान टाकतो."

देवळीतल्या या दुकानात मी तेरा वर्षं साड्या विकल्या. बोलण्यावरच माझं पोट होतं. मग सेलूले भावाकडं जाताना स्कूटी घसरली. डोक्याचं ऑपरेशन झालं. मी उठली, चालू लागली. समजत सगळं होतं. शब्द तेवढे गेले.

दुकानात परतल्यावर रंगाचं ते विचारणं रोजचंच झालं. ओळखीचं गिऱ्हाईक आलं की मालक मले बोलवत. नवी साडी, तोच सवाल. मी मान खाली घालून प्रयत्न करत राह्यची. नवरा म्हणे, "हसू दे. कामावर तर ठेवलं नं." रडाचंही त्राण नव्हतं.

दवाखान्यात बोलणं शिकवणाऱ्या मॅडम भेटल्या. त्या म्हणाल्या, "तुम्हाला वेड लागलेलं नाही. याला वाचाघात म्हणतात. तुमची समज शाबूत आहे." हे मले कोणीतरी पहिल्यांदाच सांगितलं.

त्यायनंच मले पिपरी मेघे गावाले पाठवलं. तिथं माझ्यासारखे पाच-सहा जण जमतात. एक रिटायर गुरुजी बायकोचं नाव सांगू पाहत होते. किती वेळ गेला. कोणी हसलं नाई, कोणी मधात बोललं नाई. सगळे थांबले. शेवटी नाव आलं.

परतताना बसमध्ये मले राग आला. मालकाचा आला, माझाही आला. इतके दिवस मी काऊन उत्तर देत होती?

सोमवारी मालकानं पिवळी साडी धरली. "हा कोणता रंग होय?"

मी साडी त्यायच्या हातातून घेतली. घडी घातली. फळीवर ठेवली.

"नाई."

"काय नाई?"

"मले... समजते. सगळं. नाई सांगत."

"मग घरी बस."

"नाई."

मी काउंटरमागं जाऊन उभी राह्यली. समोरच्या गिऱ्हाइकाले एकेक साडी उलगडून दाखवली.

अजून कामावर आहे. उद्या काढतीलही. हे सारं भाचीनं लिहून घेतलं, एका दुपारी दोन-तीन वाक्यं. तेवढ्यानंच मी थकून जाते. सगळे शब्द परत येतीलच, असं मॅडमही म्हणत नाईत.

पण ज्याले माझ्याशी बोलायचं आहे, त्यानं थांबावं. परीक्षा मी आता कोणालेच देणार नाई.