नाल्यापलीकडे माणसं राहतात

"काढ ती पिशवी बाहेर. आत्ताच्या आत्ता."

मी घंटागाडीच्या मागे उभी होते. पिशवी टाकून झाली होती. माझ्या घरचा चार दिवसांचा कचरा. भाजीची देठं, सासूबाईंच्या औषधांची पाकिटं, केर.

बोलत होते ते कॉलनीचे अध्यक्ष. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. सगळे त्यांना नाना म्हणतात. मीही. सात वर्षं मी त्यांच्या कॉलनीचे रस्ते झाडत होते. ठेकेदाराकडे, रोजंदारीवर.

"नाना, आमच्याकडे गाडीच येत नाही. महिना होत आला."

"तो तुमचा प्रश्न. आज पिशवी आणलीस, उद्या अख्खी वस्ती आणशील."

दारादारांत बायका ओल्या-सुक्याचे डबे घेऊन उभ्या होत्या. ज्यांना मी रोज अक्का म्हणायचे त्या. त्यांनी डबे मागे घेतले. ड्रायव्हर खाली बघत राहिला.

मी वाकले. खांद्यापर्यंत हात घातला. पिशवी ओढताना फाटली. सगळं रस्त्यावर.

"आता झाड नीट," नाना म्हणाले.

झाडलं. माझ्याच घरचा कचरा, त्यांच्या दारात, त्यांच्या देखत. पदरात बांधला आणि नाल्यावरचा पूल ओलांडून घरी आणला.

जळगावात लग्न होऊन आले तेव्हापासून नाल्याच्या पलीकडे आम्ही आणि अलीकडे कॉलनी. हाकेचं अंतर. गल्ली अरुंद आहे, नवी गाडी वळत नाही, असं महापालिकेच्या ऑफिसात सांगतात. निवडणुकीत भोंग्याची जीप बरोबर वळते. आम्ही बायकांनी तीनदा अर्ज दिला. "बघतो" म्हणाले. नळाजवळचा ढीग वाढत गेला. सासूबाई तापाने पडल्या. डॉक्टर म्हणाले, डास. आम्ही डासांचं काय करणार? सासूबाई खाटेवरून म्हणायच्या, "बठ्ठा गावना कचरा आपलाच दारमा शे." सगळ्या गावाचा कचरा आपल्या दारात कसा येईल? मला वाटायचं, तापात बोलतात.

पिशवीचं नवऱ्याला सांगितलं. तो केळीचे ट्रक भरतो. त्याने आधी हातपाय धुतले. मग म्हणाला, "काम टिकव."

मी टिकवलं. दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यावर झाडू घेऊन गेले. नानांना नमस्कारही केला. त्याची लाज अजून जात नाही.

मग पावसाळ्यात कॉलनीची गाडी बंद पडली. तिसऱ्या दिवशी वास सुटला. नानांनी ठेकेदाराच्या मुकादमाला बोलावलं. मुकादमाने हातगाडी माझ्यापुढे लोटली.

"सगळं भर आणि पलीकडे टाकून ये."

"पलीकडे कुठे?"

"कुठे म्हणजे? गाडी चुकली की रात्री नेहमी टाकतात तिथेच. नळाजवळ."

नेहमी.

त्या ढिगात मिठाईचे खोके असायचे. थर्माकोल, कुरिअरचे पुठ्ठे. आमच्या गल्लीत कोणाकडे कुरिअर येतं? पण आम्ही एकमेकींवरच संशय घेतला. त्या ढिगावरून मी शेजारच्या शांताच्या झिंज्या धरल्या होत्या.

माझे हात हातगाडीच्या दांड्यावर होते. ते काढले.

"मी नाही नेणार."

"काय म्हणालीस?" मुकादम.

"नाही नेणार. तिथं माणसं राहतात."

नाना पायरीवरून उतरले. "सात वर्षं सांभाळलं तुला. हे फळ?"

"तुम्ही नाही सांभाळलं, नाना. मी झाडलं."

झाडू त्यांच्या पायरीला टेकवला आणि निघाले.

संध्याकाळी हजेरीतून नाव गेलं. सकाळी तीच हातगाडी पुलावरून आली. ढकलत होती शांता. माझ्या जागी तिला घेतलं होतं. तिने माझ्याकडे बघितलं नाही. तिच्या घरातही चार तोंडं आहेत. मी तिला काय म्हणणार? ढीग कमरेएवढा झाला.

त्या दिवशी मी काहीच केलं नाही. दारात बसून बघितलं. दुसऱ्या दिवशीही.

तिसऱ्या दिवशी पुलावर जाऊन उभी राहिले. शांता थांबली. "सर ना बाई, मना रोज बुडी," ती म्हणाली. तिची रोजंदारी बुडणार होती, तरी मी सरले नाही. ती रडली आणि हातगाडी घेऊन माघारी गेली. मीही रडले, घरी येऊन.

तेव्हापासून रोज उभी राहते. एकटीच. कधी मुकादम शिव्या देतो. कधी मी पोहोचायच्या आधीच टाकून जातात. कॉलनीची गाडी अजून बंदच आहे. आमची गाडी आलेली नाही. दुसरं काम मिळालेलं नाही. सासूबाईंचा ताप उतरतो, परत चढतो.

तरी उद्या मी पुलावर असेन. परवाही. मी उभी असेपर्यंत त्यांचा एक डबाही माझ्या दारात रिकामा होणार नाही. न्यायचाच असेल तर माझ्या अंगावरून न्या.