ओटीवरून लेहला जाणारा रस्ता

फोन आला तेव्हा मी ओटी झाडत होते. कल्याणच्या हॉस्पिटलातून शांताराम भाऊजी, माझे धाकटे दीर, बोलत होते; आवाज ओळखूच येईना. "वयनी, सुगंधा गेली..." एवढंच. हातातला झाडू हातातच राहिला. आणि खरं सांगू का, डोळ्यांत पाणी यायच्या आधी मनात आलं ते हे, की बघा, इथंही हिनंच पहिला नंबर लावला! वयानं मी मोठी, या घरात आधी आले मी, गुडघे गेले माझे, साखर मला, आणि पुढं निघून गेली ही. लोक म्हणतील, गेलेल्या माणसाबद्दल असं लिहितात का? पण सुगंधा माझी धाकटी जाऊ. तिच्याबद्दल हेवा बाजूला ठेवून लिहायला बसले, तर ते दुसऱ्याच कुणाबद्दल होईल.

शेणव्याला आमचं घर. भाताची शेती, पुढं ओटी, मागं पडवी. आमचे हे रेल्वेत, आटगावला ड्युटी. घरात रेल्वेचा फुकटचा पास, पण त्या पासावर यांनी मला कल्याणच्या पलीकडं कधी नेलं नाही. "गाड्या रोज बघतोच, आणखी त्यात बसून कशाला जायाचं?" म्हणायचे. आणि भाऊजींचं शहापुरात गॅरेज, लोकांच्या टू-व्हीलर दुरुस्त करायचे. कुणीतरी भंगारात टाकलेली बुलेट त्यांनी आणली, सुटी सुटी करून परत जोडली, आणि ती चालायला लागली. तेव्हापासून सुगंधेच्या डोक्यात वारं शिरलं. ही गोष्ट नव्वद सालानंतरची, त्या दशकाच्या शेवटाशेवटाची.

एका सकाळी उठून बघते तर सारवलेल्या ओटीवर रांगोळीची एक लांबच लांब रेघ. उंबऱ्यापासून निघालेली, वळत वळत पार तुळशीच्या बाजूच्या खांबापर्यंत. मधेमधे चिंचोके ठेवलेले.

"हे काय गो सुगे? कसला नाग काढलास?"

"नाग नाय ताई, रस्ता हाय. हा उंबरा म्हणजे आपलं शेणवा. हा कसारा घाट, हे नाशिक. आपला हायवे सरळ आग्र्याला जातो, माहीत हाय ना? मग पुढं दिल्ली, मनाली... आणि खांबाजवळ लेह. चिंचोका ठेवलाय तिथं रात्रीचा मुक्काम."

मी हसले. हसले म्हणजे तोंडानं हसले. आत असं काही टोचलं की विचारू नका. हायवे मी पण जन्मभर बघत होते. शहापूरला बाजाराला गेलं की ओलांडत होते. पण तो रस्ता कुठंतरी जातो, हे माझ्या कसं डोक्यात आलं नाही?

ओटी काही न झाडता ठेवता येत नाही. आमच्याकडं दिवसाची सुरुवातच तिथून. तेव्हा मी रोज सकाळी तो रस्ता झाडून टाकायची आणि ती रोज दुपारी परत काढायची. कधी इंदूर पुढं सरकायचं, कधी एक मुक्काम कमी व्हायचा. "ताई, दिल्लीला नको थांबायला, काय?" मला विचारायची, जणू मीच निघालेय! झाडता झाडता मला सगळी नावं पाठ झाली. मंडी, कुल्लू, रोहतांग, केलांग, सर्चू... भाजी निवडताना आपली आपण म्हणायची. तिच्या पंजाबी ड्रेसचं माप घ्यायला शिंपी आला तेव्हा मात्र मी आतल्या खोलीत जाऊन उगाच डबे लावत बसले. आमच्या घरात लुगड्यावरून साडीवर यायला मला किती वर्षं लागली होती!

लावणी उरकली आणि गौरी-गणपती झाले की निघायचं, कापणीच्या आत परत यायचं असं ठरलं. पण त्याआधी गाडी सगळं ओझं घेऊन घाट चढते का, ते बघायला हवं होतं. भाऊजी म्हणाले, मालशेज चढून बघू. गाडीला दोन्ही बाजूंनी पिशव्या बांधल्या. स्टोव्ह, कपडे, आणि आमच्या शेतातल्या झिनी तांदळाचं बोचकं. परमुलखात भात कसला मिळेल म्हणून घरचा तांदूळ! आणि नेमका त्याच दिवशी सुगंधेला ताप भरला. भाऊजी ओटीवर येऊन उभे राहिले.

"वयनी, मागं वजन पाहिजे. बसता काय?"

"मी काय पोतं हाय?"

"एका दिवसापुरतं व्हा की!"

यांनी पेपरातून डोकं वर न काढता सांगितलं, "पडलात तर मला ड्युटीवर निरोप धाडू नका." झालं, मी एका बाजूला पाय सोडून बसले, पदर कमरेला खोचला.

किन्हवली गेलं, सरळगाव गेलं. टोकावडे मागं पडलं आणि समोर डोंगर असा आडवा उभा राहिला की मला वाटलं, रस्ता इथंच संपला. पण नाही हो, रस्ता त्याच्या अंगावरूनच वर चढत होता. पहिल्या वळणाला मी ओरडले, "भाऊजी, हळू!" दुसऱ्यालाही ओरडले. मग ढग आला. रस्त्यावर, आमच्या अंगावर, माझ्या तोंडात. कुठूनतरी धबधब्याचा आवाज येत होता, पण दिसत काही नव्हतं. आणि बोगद्याच्या अलीकडं एकाएकी ढग फाटला. खाली सगळं कोकण हिरवंगार, खाचरांचे तुकडे, आणि त्यात कुठंतरी आमचंही. मी एवढ्या वरून माझं आयुष्य कधी बघितलंच नव्हतं. मग मी जे ओरडले, ते भाऊजी पुढं वर्षानुवर्षं सगळ्यांना सांगायचे... "भाऊजी, जोरात!"

घरी येऊन मी सुगंधेच्या उशाशी बसले आणि सगळं सांगत सुटले. ती भिंतीकडं वळली. "ताई, डोकं दुखतंय माझं." मला वाटलं, ताप.

ती गेली, लेहला पोचली, परत आली. तेवढे दिवस मी ओटी झाडायची आणि तो रस्ता माझ्या हातानं परत काढून चिंचोका पुढं सरकवायची. ती आली तेव्हा चेहरा उन्हानं रापलेला, नाकाची सालं निघालेली आणि अंगात असा काही थाट! ओटीवर अर्धा गाव जमला. ती बर्फाचं सांगत होती, रस्त्यावरून वाहणाऱ्या ओढ्यांचं सांगत होती, आणि मी मधेच, "सर्चू नाय गो, आधी केलांग." गाव हसला. पण सगळ्यात मजा आली ती तांदळाची. त्या उंचीवर आमची झिनी शिजेचना! पाणी उकळतंय, भात कचकचतोय. भाताच्या घरची माणसं कच्चा भात चावत बसली. शेवटी तिथल्या एका ढाब्यावरच्या बाईनं कुकरमधे घालून दिला. आमचा भात म्हटलं की सगळं जग शिजवून खाईल, असंच वाटत होतं आम्हाला. ते ऐकून मला इतकं बरं वाटलं, की रात्री मी दोन घास जास्त जेवले.

पुढं ती दोघं पुष्कळ फिरली. मालशेजला तर दर पावसाळ्यात. मी आडून आडून म्हणायची, "मागं जागा असते, नाय?" तिचं उत्तर ठरलेलं, "तुमच्या गुडघ्यांना नाय झेपणार, ताई." माझे गुडघे तेव्हा चांगले होते. मी मनात म्हणायची, एवढं सगळं हिला, आणि अर्धा दिवस द्यायला जीव जातो हिचा.

शेवटच्या आठवड्यात मी रोज दुपारी हॉस्पिटलात तिच्याजवळ जाऊन बसायची. ती माझा हात हातात धरायची, पण बोलायची कमी. एका दुपारी म्हणाली,

"ताई, बोगद्याच्या अलीकडं ढग फाटला होता, ना?"

"कधीचं गो?"

"तुमी गेलता तेव्हा. मी दरवर्षी गेली. कधी नुसता ढग, कधी नुसतं ऊन. एकदा पण नाय फाटला माझ्यासमोर... लेहला पण माझ्या मनात तेच. ताईनं बघितलं ते मी नाय बघितलं." मग जराशी हसली. "म्हणून नाय नेली तुमाला. परत फाटला असता तर?"

या बाईचा मी एवढी वर्षं हेवा केला, आणि ती माझ्या एका दिवसावर जळत बसली होती. वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही. पण त्याच्या खाली कुठंतरी, कसं लिहू... गुदगुल्याही झाल्या. मी तिचे केस मागं सारले आणि म्हटलं, "फाटला होता गो. असा फाटला होता!" "सांगा," म्हणाली. मी पहिल्यापासून सगळं सांगितलं, किन्हवलीपासून. या वेळी तिनं भिंतीकडं तोंड नाही फिरवलं.

दिवस-कार्य झालं, पाहुणे गेले. परवा भाऊजी म्हणाले, "वयनी, ती सांगून गेलीय, ताईला एकदा मालशेजला न्या. कधी जाऊ?" मी म्हटलं, बघू. गुडघे आता खरंच गेलेत. पण काल ओटी झाडून झाल्यावर मी खाली बसले, रांगोळीची चिमूट घेतली आणि उंबऱ्यापासून रेघ काढली. तिच्या रस्त्याकडं नाही वळवली. किन्हवली, सरळगाव, टोकावडे... आणि बोगद्याच्या अलीकडं एक चिंचोका ठेवला. भाऊजी गॅरेजला निघाले, तेव्हा तो रस्ता ओलांडून न जाता कडेकडेनं गेले.

आज सकाळी ओटी तेवढी झाडली नाही. इंदूर सरकवायचं तरी मला विचारणारी, दिल्लीला थांबू की नको म्हणणारी ही बाई. देवाघरी जाताना मात्र एक रेघ न दाखवता गेली... आणि तो रस्ता कसा आहे, हे पुन्हा तिलाच आधी कळलं.