बारावा दिवा

"टॉवर, रनवे इन साइट," वरून कॅप्टनचा आवाज आला आणि नाझनीननं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. आता तरी हो म्हणा, असं तिच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं.

सकाळचे पावणेसात झाले होते. मी तेव्हा आमच्या चिकलठाण्याच्या विमानतळावर एअर ट्रॅफिक कंट्रोलर होतो आणि त्या शिफ्टचा इनचार्ज. नाझनीन माझी ज्युनियर, माइकवर ती होती. थंडीचे दिवस. रनवेवर धुकं बसलं होतं, पण उंची किती, तर जेमतेम दोन मजले. टॉवरचं डोकं त्याच्या वर. आम्हाला निळं आकाश दिसत होतं आणि त्यात घिरट्या घालणारी छोटी एअर अॅम्ब्युलन्सही.

ती आली होती पडेगावच्या सुनीताबाईंना न्यायला. मुंबईत त्यांच्यासाठी यकृत मिळालं होतं. असं यकृत काही तासच टिकतं. बाई वेळेत पोचल्या तर त्यांना, नाहीतर यादीतल्या पुढच्या पेशंटला. रस्त्यानं जाण्याइतका वेळ नव्हता. खाली गेटजवळ रुग्णवाहिका उभी होती, त्यात बाई आणि बाहेर त्यांचे यजमान रावसाहेब.

विमान उतरत नव्हतं, कारण वाघमारे 'नऊ' म्हणत होते.

हे नऊ काय, ते सांगतो. धुक्यात पायलट रेडिओच्या लहरींच्या आधारानं, यंत्रांकडे बघत खाली येतो. पण चाकं टेकवताना त्याला रनवे डोळ्यांनीच दिसावा लागतो. म्हणून नियम असा, की जमिनीवर ठरलेल्या अंतरापर्यंतचं दिसत नसेल, तर उतरायचा प्रयत्नसुद्धा करायचा नाही. आमचं ते अंतर आठशे मीटर होतं. मोठ्या विमानतळांवर ते यंत्र मोजतं. आमच्याकडे त्या दिवसांत माणूस मोजायचा. रनवेच्या कडेला दर साठ मीटरवर एक दिवा. विमान जिथं टेकतं, तिथं पायलटच्या डोळ्यांच्या उंचीच्या चौथऱ्यावर उभं राहायचं आणि किती दिवे दिसतात ते मोजायचं. चौदा दिसले की आठशे मीटर. वाघमारे हवामान निरीक्षक होते, निवृत्तीला सहा महिने राहिलेले, आणि गेला अर्धा तास त्यांना नऊच्या पुढे दिवा दिसत नव्हता.

"वाघमारे, वरून पायलटला अख्खा रनवे दिसतोय," मी वॉकीटॉकीवर म्हणालो. "मला टॉवरवरून दिसतोय."

"मला नऊ दिसतेत, साहेब."

"दहावा?"

"असंल बहुतेक."

"मग दहा लिहा की."

"बहुतेक म्हणजे नाही, साहेब."

मी मुळातच तापट माणूस. वॉकीटॉकी टेबलावर आपटला. तेवढ्यात कॅप्टननं सांगितलं, की तो आणखी तीस मिनिटं थांबू शकतो, मग इंधनामुळे त्याला नागपूरला जावं लागेल. नागपूरहून परत येईपर्यंत सगळंच संपलं असतं. माइक नाझनीनकडे सोपवून मी तरातरा जिना उतरलो. म्हटलं, स्वतःच जाऊन मोजतो.

गेटजवळ रावसाहेबांनी मला अडवलं. डोक्याला मफलर, हातात फायलींची पिशवी. त्यांनी वर बोट दाखवलं.

"सायेब, इमान तर तिथं दिसायलंय की! आम्हाला दिसतंय, त्याला आम्ही दिसत असू. मंग उतरंना का?"

"खाली धुकं आहे, मोजणी चालू आहे."

"कशाची मोजणी? ती आत पडलीय लई येळ झाला. तुम्ही मोठे लोक, कायतरी करा ना."

त्यांचा प्रश्न माझाच प्रश्न होता. "बघतो," म्हणालो आणि जीपमध्ये बसलो.

चौथऱ्यावर वाघमारे कानटोपी घालून उभे होते. मला बघून त्यांना ना आश्चर्य वाटलं, ना राग आला. मुकाट्यानं खाली उतरून त्यांनी जागा दिली.

मी वर चढलो. पंधरा वर्षं हा रनवे मी रोज बघत होतो. बोट पुढे करून मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. नऊनंतर धूसर झालं, पण दिवे होते. दहा, अकरा, बारा, तेरा, चौदा.

"चौदा!" मी जवळजवळ ओरडलोच. "पुन्हा मोजू का?"

"नको. बारावा कसा दिसला, साहेब?"

"मंद आहे जरा. पण आहे."

वाघमारे जवळ सरकले. मग अगदी हळू, जीपच्या ड्रायव्हरला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाले, "बारावा काल संध्याकाळपासून बंद हाये. लॉगबुकात लिहिलंय. पहाटे चार्ज घेताना तुम्ही सही केलीय त्याच्यावर."

माझे कान तापले. विझलेला दिवा मी मोजला होता, वर तो मंद आहे असंही सांगितलं होतं. दिवे कुठं आहेत ते मला पाठ होतं, आणि ते दिसावेत अशी माझी फार इच्छा होती. डोळ्यांनी बिचाऱ्यांनी मन राखलं.

"असं होतं, साहेब," वाघमारे म्हणाले. "मला बी झालंय. म्हणून मी दर खेपेला मान खाली घालतो, वीसपर्यंत आकडे म्हणतो, मग नव्यानं बघतो. आणि पहिला शंकेचा दिवा आला की थांबतो."

"पण मग पायलटला वरून कसं दिसतं?"

"नदीत उभं राह्यलं की आपले पाय दिसतात. तेच डोळे पाण्याच्या पातळीत न्या, पलीकडचा काठ दिसत नाय. त्याला शेवटी धुक्यात शिरून आडवं बघायचंय."

हे मला माहीत नव्हतं असं नाही. परीक्षेत मी याच प्रश्नाला पैकीच्या पैकी गुण मिळवले होते. पण त्या सकाळी ते मला आठवलं नव्हतं, आणि त्यांना आठवलं होतं.

वाघमारे पुन्हा वर चढले. नऊ. काही वेळानं पुन्हा नऊ. ऊन वर येऊ लागलं. अकरा. वॉकीटॉकीवर नाझनीन म्हणाली, "सर, कॅप्टनकडे आठच मिनिटं राहिलीत."

"काय म्हणतोय?"

"म्हणतोय, घाई करू नका, खरा आकडा द्या."

वर आकाशात बसलेला तो माणूस मला दिसलाही नव्हता, पण त्याला तिथूनच सलाम करावासा वाटला. खालचा रनवे डोळ्यांनी दिसत असताना तो जमिनीवरच्या एका अनोळखी माणसाच्या मोजणीसाठी थांबला होता.

वाघमाऱ्यांनी मान खाली घातली. ओठ हलत होते. मला वाटलं, आता तरी पटकन बघा. पण मी तोंड शिवल्यासारखा उभा राहिलो. उभ्या नोकरीत इतकं अवघड काम मी दुसरं केलेलं नाही. त्यांनी मान वर केली आणि मोजलं. पुन्हा खाली घातली. पुन्हा मोजलं.

"चौदावा दिसतोय, साहेब. बारावा सोडून."

नाझनीननं आकडा वर सांगितला आणि लँडिंगची परवानगी दिली. पाच मिनिटांनी विमान रनवेवर होतं. सुनीताबाईंचं स्ट्रेचर चढवत असताना कॅप्टन खाली आला. तिशी-पस्तिशीचा हसरा पोरगा. म्हणाला, "सर, शेवटच्या तीस फुटांत निम्मा रनवे गायब झाला. जेवढा उरला, तेवढा पुरला." मग त्यानं विचारलं, "दिवे कोण मोजत होतं?" मी वाघमाऱ्यांकडे बोट दाखवलं. त्यानं कडक सॅल्यूट ठोकला. वाघमारे इतके गोंधळले, की त्यांनी कानटोपी काढून हातात घेतली.

सुनीताबाई वेळेत पोचल्या आणि ऑपरेशन पार पडलं. पुढच्या सीताफळांच्या दिवसांत रावसाहेब टोपली घेऊन टॉवरच्या गेटवर हजर. "ते दिवे मोजणारे कुठं हायेत? त्या दिवशी मनातल्या मनात लई शिव्या घातल्या त्यांना." वाघमारे तोवर निवृत्त झाले होते. मी रावसाहेबांना घेऊन त्यांच्या घरी गेलो. शिव्या मीही घातल्या होत्या, हे तिथं बसल्यावर कबूल केलं.

बारावा दिवा मात्र विमान गेलं त्याच दिवशी दुपारी बदलला गेला होता. इलेक्ट्रिशियननं लॉगबुक सहीसाठी पुढे केलं. मी पेन खिशात ठेवलं, जीप काढली, दिव्यापाशी जाऊन तो पेटलेला बघितला, आणि मग सही केली.