बाबांच्या वाटची पावलं

वाल्मीक मेश्राम मूळचा भंडाऱ्याचा. केंद्र सरकारच्या एका खात्यात सेक्शन ऑफिसर, राहायला दिल्लीत, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये. शरीराला त्याने कधी त्रास म्हणून दिला नाही. लिफ्ट बंद पडून जिना चढावा लागला, तर दोन दिवस त्याची तक्रार पुरायची. गेल्या वर्षी त्याच्या ऑफिसात पावलं मोजायची स्पर्धा निघाली आणि हा गडी घाबरला.

घरात रोशनी होती. एकुलती एक, एमएस्सी करणारी, पहाटे धावणारी, संध्याकाळी पुन्हा धावणारी. वाल्मीकने ऑफिसातून मिळालेला पावलं मोजायचा पट्टा तिच्या मनगटावर बांधला. “बेटा, तू तर धावतेसच. माझ्या वाटचंही धाव.”

महिन्याभरात तो पहिला आला. शाल मिळाली, टाळ्या पडल्या, फोटो भंडाऱ्यापर्यंत गेला. रोशनीने पट्टा मात्र परत दिला नाही.

ती तापात धावली. दिवाळीनंतर धुराने समोरची बिल्डिंग दिसेना, तेव्हाही धावली. ताट घेऊन खोलीत जायची आणि दार लावून घ्यायची. “पोरगी वाळत चाललीय,” हेमलता, तिची आई, म्हणायची. “ॲथलीट आहे ती,” वाल्मीक ऐटीत सांगायचा. मूर्खपणा होता तो, दुसरा शब्द नाही.

मग पायाच्या हाडाला चीर गेली. प्लास्टर चढलं, तरी बंद दाराआडून धाप ऐकू येई. ती जमिनीवर पडून व्यायाम करत होती. हाडाच्या डॉक्टरने मनाच्या डॉक्टरकडे पाठवलं. त्या बाई वाल्मीकला बाजूला घेऊन म्हणाल्या, “हा खाण्याचा आजार आहे, आणि हा व्यायाम त्याचाच भाग. ज्यांना थांबताच येत नाही, त्यांच्या मनात मरणाचे विचारही जास्त येतात. तिला सरळ विचारा. विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही.”

चार दिवस त्याची जीभ रेटली नाही. मुलगी अंथरुणात असे आणि याला घरभर धावणारी पावलं ऐकू येत. ऑफिसातही येत. सगळी त्याच्याच नावाची होती.

पाचव्या दिवशी, सकाळी, तो तिच्या पलंगाशी बसला. “रोशनी, तुला मरावंसं वाटतं का?”

“हो, बाबा. धावणं थांबल्यापासून जास्तच.”

“मीच तुला धावायला लावलं.”

“तुम्ही नाही लावलं. मी आधीपासूनच धावत होते,” ती शांतपणे म्हणाली. “तुम्ही फक्त खूश झालात.”

हे त्याला फार लागलं. त्याने तिथूनच डॉक्टरबाईंना फोन लावला, आणि उपचार त्याच दिवशी सुरू झाले.

आता तो रोज सकाळी विचारतो. त्याला लाज वाटत नाही, भीती मात्र तेवढीच वाटते. ती म्हणते, “आज नाही.” मग हेमलता नाश्ता वाढते आणि तिघं एकत्र बसून खातात. रोशनीला अर्धा तास लागतो. कोणी उठत नाही.

आज त्याने विचारलं आणि ती भिंतीकडे बघत राहिली. वाल्मीकने बूट काढले, ऑफिसला रजा कळवली, डॉक्टरबाईंचा नंबर लावला आणि तिचा हात धरून बसला.

“बाबा, ऑफिस?”

“नाही जात,” तो म्हणाला. “तू काही करू नकोस. नुसती बस माझ्याजवळ.”