आयरिश आजोबांचे वडील

२००६च्या उन्हाळ्यात माझे सासरे तीन महिने आमच्याकडे फ्रँकफर्टला राहायला आले होते. आम्ही दोघं ऑफिसात, मुलगी किंडरगार्टनमध्ये; बाबांना दिवसभर बोलायला कोणी नाही. मग खालच्या मजल्यावरच्या आयरिश आजोबांशी त्यांची गट्टी जमली. हे आजोबा तरुणपणी विमानतळावर नोकरीला आले, जर्मन बाईशी लग्न करून इथलेच झाले. बायको गेल्यापासून एकटेच होते. बाबांनी जन्मभर शाळेत इतिहास शिकवलेला, इंग्रजीही चांगलं. दोघं मागच्या अंगणातल्या बाकावर बसून तासन्‌तास गप्पा मारत.

एका संध्याकाळी बाबा धापा टाकत वर आले.

"अगं, खालच्या आजोबांचे वडील इंग्रजांच्या फौजेत होते. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या हाती सापडले. जर्मनांनी आयरिश कैदी वेगळे काढले आणि विचारलं, इंग्रजांविरुद्ध आमच्या बाजूनं येता का? तर हे गेले! आपलेही कैदी जवान स्वातंत्र्यासाठी जर्मनांना मिळाले होते ना इथे, तसेच."

"त्यांनी स्वतःहून सांगितलं?"

"छे, खोदून खोदून विचारलं तेव्हा कुठे."

मला तिथेच खटकायला हवं होतं. पण पंधरा ऑगस्टला चार मराठी कुटुंबं जेवायला येणार होती, माझं सगळं लक्ष श्रीखंडासाठी टांगून ठेवलेल्या क्वार्ककडे, म्हणजे इथल्या घट्ट दह्याकडे. "त्यांनाही बोलाव," बाबा म्हणाले. मी बोलावलं.

आजोबा टाय लावून, फुलं घेऊन आले. पानं वाढून झाल्यावर बाबा उभे राहिले. "आज आपल्यात एका स्वातंत्र्यसैनिकाचा मुलगा बसलाय," म्हणत त्यांनी सगळी हकिकत इंग्रजीत सांगितली. आम्ही टाळ्या वाजवल्या. एका पाहुण्यांनी कॅमेरा काढला.

आजोबांनी हात वर केला.

"कृपा करून थांबा. माझे वडील आयर्लंडसाठी गेले नव्हते. त्यांना भूक लागली होती. जर्मनांनी त्यांना पोटभर खायला दिलं, सिगारेटी दिल्या आणि बराकीत कोण काय बोलतो ते सांगायला लावलं. एक मुलगा पळून जायच्या बेतात होता. आमच्याच गावचा. वडिलांनी ते सांगितलं. त्याला कुठेतरी नेलं, तो परत आला नाही. त्याची आई आमच्या समोरच्या घरात राहायची."

"हे मी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं," एवढं म्हणून ते उठले, माझी माफी मागितली आणि न जेवता खाली गेले. पाहुण्यांनी कॅमेरा गुपचूप पिशवीत घातला. आम्ही मान खाली घालून जेवलो. मुलांनी तेवढं श्रीखंड मागून घेतलं.

दुसऱ्या दिवशी बाबा खाली गेले, दार उघडलं नाही. त्यानंतरही दोन-तीनदा नाही. मग एका सकाळी मी सोबत गेले, तेव्हा उघडलं.

"मी तुमच्या वडिलांना माझ्या मनासारखं करून टाकलं," बाबा म्हणाले. "आणि चार लोकांत मिरवलं. फार चुकलं माझं."

"मीही अर्धंच सांगितलं होतं," आजोबा म्हणाले. "तुम्ही ऐकताना इतके खूश झालात, की क्षणभर मलाच वाटलं, खरंच असं असतं तर!"

मग ते म्हणाले, "ती समोरची बाई मला दर रविवारी केक द्यायची. तिला काही ठाऊक नव्हतं. मी मोठा झाल्यावर वडिलांनी एकदा दारूच्या भरात सगळं सांगितलं. त्यानंतरही तिनं दिलेला केक मी खात राहिलो. नाही म्हणायला कारण काय सांगणार? शेवटी गावच सोडलं."

तिघांनी चहा घेतला.

पुढे बाबा भारतात परत जाईपर्यंत दोघं पुन्हा बाकावर बसत, पण बोलणं गुडघेदुखीच्या आणि हवेच्या पलीकडे जात नसे. मला मात्र कितीतरी महिने जिन्यात आजोबांच्या नजरेला नजर देता आली नाही. मी "हॅलो" म्हणायचे आणि भराभर वर चढून यायचे. ते थांबून वाट करून द्यायचे.