अनंताच्या कुंडीतलं शिळं पाणी

बाबा गेले, उल्हासनगरची खोली बिल्डरकडे गेली आणि आई आमच्याकडे सोनिवलीला राहायला आली. येताना दोन पिशव्या आणि एक अनंत. बाबांनी लावलेलं झाड. फुललं की पहिलं पांढरं फूल बुद्धवंदनेला. पानं इतकी तुकतुकीत, की पाहुणे हात लावून बघायचे, प्लॅस्टिकचं तर नाही ना.

आमच्या बाल्कनीत आला आणि महिन्याभरात पिवळा पडायला लागला. कळ्या न उमलताच गळायच्या. आई म्हणायची, "त्याला इथलं मानवत नाही." ती कुणाबद्दल बोलतेय ते मला कळायचं. लेकीच्या घरी राहणं तिला फार जड जात होतं. माझा नवरा हॉलमध्ये आला की ही उठून स्वयंपाकघरात. टीव्हीसुद्धा विचारून लावायची. मावशीकडे गावी जाते, असं दोनदा बोलूनही झालं होतं. झाड मेलं असतं तर तिला थांबवायला माझ्याकडे काहीच उरलं नसतं.

मी खत घातलं, ताक ओतलं, कुंडी उन्हातून सावलीत नेली. ढिम्म फरक नाही. शेवटी एका रविवारी कुंडी आडवी करून झाड बाहेर काढलं, तर नुसता चिखल आणि गटारासारखा वास. मुळं अर्धी कुजलेली. तळाच्या भोकात चिंधी ठासलेली.

"ही कुणी कोंबली?"

"मी. खालच्या बाईंच्या कपड्यांवर ठिबकतं."

आमच्याकडे पाणी एक दिवसाआड येतं. आलं की आधीचं शिळं काढायचं आणि पिंप ताजं भरायचं, ही सगळ्यांचीच रीत. ते शिळं पाणी आई बादलीच्या बादली अनंताला पाजत होती.

"अगं, मोरीत ओतायचं ना."

"जावयाच्या घरात पाणी मोरीत ओतू? काय म्हणतील ते?"

मी ती चिंधी ओढून फेकून दिली.

कुजकी मुळं कापली, तळाला विटांचे तुकडे घातले, कोरड्या मातीत झाड परत लावलं. रात्री नवऱ्याला सगळं सांगितलं.

पुढच्या वेळी पाणी आलं तेव्हा आई बादली घेऊन मोरीच्या दारात नुसती उभी. हात काही पुढे होईना. नवऱ्याने तिच्या हातातली बादली घेतली, "आई, आपलंच पाणी आहे," म्हणाला आणि भसकन ओतून दिली. दुसरीला हात घातला, तशी आईने बादलीची कडी धरली.

"अहो, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? लादीला काय लागेल मग? म्हणे ओतून मोकळे!"

आई बादली ओढत हॉलमध्ये गेली आणि लादी पुसता पुसताही त्याला ऐकवत राहिली. तोवर ती त्याच्याशी मान वर करून बोलली नव्हती. मला इतकं बरं वाटलं, की मी आत जाऊन रडून घेतलं. अनंताला कोंब यायला पुढे बराच वेळ लागला, पण आई आता कुठे जात नाही, हे मला त्याच दिवशी कळलं.